आज रात्री दार लागेल ना?

घरफोडी झालेल्या घरी मी पोचतो तेव्हा बहुतेक वेळा दुपार कलती झालेली असते. पोलीस येऊन गेलेले असतात, पंचनामा झालेला असतो, श्वानपथकातला कुत्रा घराभोवती फिरून रस्त्याच्या कडेला घुटमळलेला असतो. शेजारचे लोक अजून अंगणात उभे असतात. आत कपाटातले कपडे खोलीभर आणि घरातली बाई त्या पसाऱ्याला हात न लावता भिंतीशी बसलेली. मी हत्यारांची पिशवी खाली ठेवतो, वाकून चौकट बघतो. किती गेलं, चोर सापडेल का, हे मला कुणी विचारत नाही. मला विचारतात ते एवढंच : "आज रात्री दार लागेल ना रे?"

मी सुतार आहे, रत्नागिरीतल्या मांडवीचा. वडीलही हेच काम करायचे. सव्वीस वर्षं दारं, खिडक्या, चौकटी केल्या आणि त्यातच हे फोडलेल्या दारांचं काम माझ्याकडे आपसूक येत गेलं. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका घरी मी "उद्या सकाळी सामान घेऊन येतो" असं सांगून निघून आलो होतो. सकाळी गेलो तर दाराला जेवणाचं टेबल लावलेलं, त्यावर धान्याचे दोन डबे, आणि नवरा-बायको दोघंही रात्रभर खुर्च्यांवर बसून होती. मुलगा बॅट उशाशी घेऊन ओटीवरच झोपलेला. मला फार लाज वाटली. तेव्हापासून ज्या दिवशी बोलावणं येईल त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, ते दार लागलं पाहिजे हा नियम मी पाळतो. सागाचं नवं दार आठ दिवसांनी होईना का. त्या रात्रीपुरती फळी ठोकतो, जुन्या चौकटीला आतून अडसर बसवतो, आणि निघायच्या आधी घरातल्या माणसाला स्वतःच्या हातानं ते दोनदा लावून उघडायला लावतो. मी लावून दाखवलेल्या दारावर त्यांचा विश्वास बसत नाही, स्वतः लावलेल्या दारावर बसतो.

एवढी दारं पाहिल्यावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. कुलूप क्वचित तुटतं. मी जातो तेव्हा ते कोयंड्यासकट पायरीवर पडलेलं असतं आणि चावी घातली तर मुकाट उघडतं. वर्तमानपत्रात 'कडी-कोयंडा उचकटून' हे दोन शब्द वर्षानुवर्षं छापून येतात, ते अगदी अचूक आहेत. दीड-दोन हजारांचं कुलूप घेणारा माणूस कोयंडा मात्र पाऊण इंची चार स्क्रूंवर टांगतो. त्या स्क्रूंनी लाकूड धरलेलं असतं ते नखाएवढं. कटावणीचा एक झटका, की चारही स्क्रू बाहेर. माझं अर्धं काम हे की ते चार स्क्रू काढायचे, गिरमिटानं दार आरपार भोकायचं, बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट घालायचे आणि आतून मोठी वायसर लावून नट आवळायचे. सामानाचा खर्च कुलपाच्या पावपट. त्यानंतर कोयंडा उपटायचा तर दाराची फळीच फोडावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि आवाजही होतो.

आमच्याकडे या दुखण्यात पाऊस भर घालतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत दारं फुगतात, चौकटीत अडकतात, आणि लोक मला रंधा मारायला बोलावतात. मी अनेक वर्षं मारत आलो. मग ऑक्टोबरची हीट येते, दार सुकतं, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत दार आणि चौकट यांच्यात करंगळी जाईल एवढी फट पडते. कटावणीचं टोक तिथेच शिरतं. हे लक्षात यायला मला दहा वर्षं लागली. फुटलेल्या एका दाराची कड मी निरखून पाहत होतो, आणि त्या कडेवर माझ्याच रंध्याचे फटकारे होते. आता पावसात मी रंधा बेतानंच फिरवतो. उघड्या पडलेल्या कडेला लगेच ऑइलपेंटचा हात देतो, कारण पाणी पितं ते तिथूनच, आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, महिनाभर जरा खांदा लावून दार लावा. कुलपाच्या बाजूला चौकटीवर बाहेरून लोखंडी पट्टी मारून घेतली तर फट दिसतही नाही आणि सापडतही नाही.

दुसरा भागीदार समुद्र. मांडवीच्या काळ्या वाळूचा बारीक कण वाऱ्याबरोबर घरात येतो, त्याच्याबरोबर खार. खिडकीचे गज वरून ठणठणीत दिसतात, पण खाली चौकटीत जिथे पाणी साचतं तिथे काडीएवढे झिजलेले असतात. रंगावर रंग चढवल्यानं ते दिसत नाही. एक एक गज तळाशी धरून हलवून बघावा लागतो. बिजागऱ्यांचं तेच. कुलपात खोबरेल तेल सोडायची आपल्याकडे सवय आहे. त्यावर वाळू बसून आत चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला चोळून दोन-तीनदा फिरवली तर कुलूप जास्त दिवस हलकं चालतं. बिजागऱ्या आणि बोल्ट परवडत असतील तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर पितळेचे घ्यावेत.

आणि मागील दार. पुढच्या दाराला नक्षी, पितळी कड्या, तीन-तीन कुलपं. मागच्या पडवीतून परसात उघडणारं दार मात्र पत्रा मारलेल्या फळ्यांचं, त्याला आतून वीतभर खिटी. विहिरीवर, न्हाणीघराकडे जायचं दार, त्याला कशाला खर्च, असा विचार. मी पाहिलेल्या घरफोड्यांतली निम्मी दारं ही होती. कौलारू घरात आणखी एक वाट असते. चार मंगलोरी कौलं सरकवली की माणूस आत उतरतो. जुन्या लोकांनी माजघरावर जाड फळ्यांची तक्तपोशी केलेली असे, तिचा हाही एक उपयोग होता. आता लोक ती काढतात, उंची मिळते म्हणून. काढू नका, असं मी हात जोडून सांगतो.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी सात वर्षांपूर्वी माझं स्वतःचं घर फुटलं.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाची संध्याकाळ होती. त्या दिवशी शहरातले गणपती आमच्या किनाऱ्यावर येतात. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, ढोल-ताशांत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मांडवीतली झाडून सगळी माणसं वाळूत असतात. आमचीही सगळी गेली होती. निघायच्या घाईत बायकोनं गौरीचे दागिने उतरवून एका स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा कपाटात ठेवला. आमची गौर तेरड्याची, मुखवट्याची. तिच्या गळ्यात माझ्या आईची बोरमाळ आणि पुढ्यात आईच्या पाटल्या ठेवायची पद्धत. दीड तासानं परत आलो तर मागचं दार चौकटीपासून सुटून लोंबत होतं.

पायरीवर कटावणी पडली होती. ती माझी होती. मागच्या पडवीत, पाटाशेजारी, मीच ती टेकवून ठेवली होती. तिच्याबरोबर पटाशी, हातोडा, शिडी. माझ्या दाराला उघडायला लागणारं सगळं सामान मी दाराबाहेर मांडून ठेवलं होतं. मी ती कटावणी उचलली, दुसऱ्या हातानं लोंबणारा कोयंडा उपटून काढला आणि चौकट चाचपू लागलो. हात आपोआप कामाला लागले होते. बायकोनं मनगट धरलं. म्हणाली, "हात लावू नका. आधी फोन करा." तोवर उशीर झाला होता. ज्या लोखंडावर दुसऱ्याच्या बोटांचे ठसे मिळायची शक्यता होती, त्यावर माझा पंजा घट्ट उमटला होता. ठसेतज्ज्ञांनी काही न बोलता त्याची नोंद घेतली आणि माझेही ठसे घेतले, घरच्यांचे वगळता यावेत म्हणून.

म्हणून आता कुणाचा सकाळी फोन आला की मी सर्वांत आधी म्हणतो, आत जाऊ नका. चोर आतच असेल तर तो जिवावर उठेल, आणि नसेल तर त्याच्या खुणा तुम्ही पुसाल. अंगणात उभे राहा, ११२ला फोन लावा, दाराचे लांबून फोटो काढा. एटीएम कार्डं गेली असतील तर बँकेला लगेच कळवा. मी येतो, पण पंचनामा झाल्याशिवाय एक स्क्रूही फिरवणार नाही.

ठशांवरून एक गोष्ट सांगतो. मुंबईत लालबागला अर्देशिर गोदरेजांनी कुलपांचा धंदा सुरू केला ते साल १८९७. त्याच वर्षी कलकत्त्याला जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालय स्थापन झालं. ठशांची वर्गवारी लावण्याचं मोठं काम तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी केलं, नाव मात्र पद्धतीला त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं, लागलं. कारागिराचं काम आणि मालकाचं नाव हा प्रकार आमच्या धंद्यात रोजचा, म्हणून ही दोन नावं मी लक्षात ठेवली आहेत.

माझं घर फुटलं त्याच वर्षी ठसे द्यायचा आणखी एक दिवस मला पाहावा लागला. दिवाळीनंतर एक घर फुटलं. तीन महिन्यांपूर्वी तिथली सगळी दारं मीच नीट केली होती. मी नेहमीसारखा पिशवी घेऊन गेलो, तर घरच्या कर्त्या माणसानं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "चावी तुमच्याकडे किती दिवस होती?" दोन दिवस, मी म्हणालो. पुढे कुणी काही बोललं नाही. मला बसायलाही सांगितलं नाही. कुणाच्या दाराला काय कमी आहे हे गावात ज्याला सर्वांत जास्त माहीत, तो मीच. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याही मनात तेच आलं असतं. पोलिसांनी विचारलं ते सगळं सांगितलं, ठसे पुन्हा दिले. तो गुन्हा उघडकीला आलाच नाही. 'अ समरी' झाली, म्हणजे चोरी झाली हे खरं, पण कुणी केली ते कळलं नाही. त्यामुळे माझ्यावरचा संशय कुणी ठेवलाही नाही आणि कुणी काढलाही नाही. ते कुटुंब आता दुसऱ्या सुताराला बोलावतं. वाटेत भेटलो तर मी नमस्कार करतो, ते मान हलवतात. घरफोडीत असंही काही जातं, आणि त्याचा पंचनामा होत नाही.

आईची बोरमाळ मिळाली नाही. पाटल्या मात्र चौदा महिन्यांनी, दुसऱ्या जिल्ह्यात पकडलेल्या एका टोळीकडच्या मुद्देमालात निघाल्या. त्या आमच्याच हे सिद्ध कसं करायचं? पावती नव्हती, आईच्या लग्नातल्या त्या. बायकोला आठवण झाली ती गौरीच्या फोटोची. मुलीनं त्या वर्षी मोबाइलवर काढला होता, आणि त्यात पुढ्यातल्या पाटलीवरची वेलबुट्टी आणि एका जागी पडलेला पोचा स्पष्ट दिसत होता. तो फोटो कोर्टात लावला. वकिलांनी सांगितलं की मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नये, पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन तो मूळ मालकाला परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात म्हटलं आहे. आमचा अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ कलमाखाली होता. १ जुलै २०२४पासून नवा कायदा आला, त्यात याच कामाचं कलम ४९७ आहे. पाटल्या हातात आल्या तेव्हा बायकोनं त्या घातल्या नाहीत. देवापुढे ठेवल्या, हळद-कुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या लॉकरमध्ये नेल्या. लॉकरही काही सर्वस्वी निर्धास्त नव्हे. तिथे चोरी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२पासून आहे. तरी मागच्या दाराच्या खिटीपेक्षा तो केव्हाही बरा. दागिन्यांचे जवळून फोटो काढून ते मुलाबाळांच्या मोबाइलवरही ठेवा, हे मी आता दार लावता लावता प्रत्येकाला सांगतो.

घर फुटल्यावर माणसं टोकाला जातात, आणि तिथे सुताराला कधी कधी नाही म्हणावं लागतं. एका घरी मला प्रत्येक खिडकीला जाळी, पडवीला लोखंडी सांगाडा आणि त्याला दोन कुलपं, चाव्या आतल्या खोलीतल्या कपाटात, असं काम सांगितलं होतं. घरात दोनच माणसं, दोघंही सत्तरीच्या पुढची. मी विचारलं, रात्री शॉर्टसर्किट झालं तर काळोखात या चाव्या कोण शोधणार? घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला, अंधारात, चावीशिवाय आतून उघडता येणार नाही असं दार मी करत नाही. त्या घरी शेवटी एक जाड अडसर केला, भिंतीत जांभ्याचा चिरा कोरून त्यात सरकणारा, जुन्या आगळीसारखा, आणि त्या घरातल्या काकींना उचलवेल एवढ्याच वजनाचा. त्यांच्याकडून तो उचलून घेतला, मग पाव इंच तासला, परत उचलून घेतला.

त्याच काकी रोज झोपताना मागील दाराला एक स्टीलचं ताट आणि त्यात दोन चमचे टेकवून ठेवतात. दार हललं की ताट पडणार. त्यांच्या मुलानं मुंबईहून कॅमेरे पाठवले, ते मीच बसवून दिले. पण ताट काढा असं मी म्हटलं नाही. कॅमेऱ्याचा उपयोग आहे, मात्र आमच्याकडे पावसात वीज जाते, काचेवर खार बसतो, आणि रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही उचलून नेतो. त्याला इन्व्हर्टर लागतो, लपवलेली जागा लागते, आणि दर पंधरवड्याला काच पुसणारा हात लागतो. ताटाला यातलं काहीच लागत नाही. आणि त्याच्या आवाजानं आधी काकींना जाग येते, चोर दिसतो तो नंतर.

पण तो आवाज ऐकायला शेजारी कुणी आहे का, हा आमच्या भागातला खरा प्रश्न. एक-एक घर बंद होत गेलं. मुलं मुंबई-पुण्याला, म्हातारी माणसं गेली किंवा मुलांकडे गेली. घरं उघडतात गणपतीला, मेमध्ये आंब्यांना, आणि शिमग्याला. शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी निघते, पोलीस देवाला मानवंदना देतात, वाड्यावाड्यांत उजेड असतो. मग पुन्हा कुलूप. माझ्या आरपार बोल्टांनी चोराला दहा मिनिटं जास्त लागतील. शेजारच्या दोन्ही घरांत कुणी नसेल तर त्याला दहा काय, रात्रभर वेळ आहे.

म्हणून गेल्या काही वर्षांत मी दारांबरोबर बंद घरंही बघू लागलो. अकरा घरांच्या चाव्या माझ्याकडे आहेत. कुठल्याही चावीवर नाव किंवा घरनंबर नाही, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि कुठला दोरा कुणाचा ते मला आणि बायकोला माहीत. दिवाळीनंतरच्या त्या प्रसंगापासून मी एक वही ठेवली. कुठल्या दिवशी कुठलं घर उघडलं, किती वाजता, बरोबर कोण होतं, सगळं लिहितो आणि मालकाला त्याच वेळी फोटो पाठवतो. त्यांच्यासाठी तसं माझ्यासाठीही. बाहेरून टांगलेलं कुलूप काढून आत बसणारं कुलूप लावतो, कारण टांगलेलं कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला घर रिकामं असल्याचं सांगत असतं. अंगणातला पातेरा लोटायला येणाऱ्या मावशी आहेत. साचलेला पातेरा, ग्रीलमध्ये खोचलेली तीन महिन्यांची विजेची बिलं, दिवसाढवळ्या जळणारा पडवीतला दिवा, हे सगळं चोर वाचतो. मावशी दारात रांगोळीची चार बोटं ओढतात. मी त्यांना सांगितलं नव्हतं. झाडलेलं अंगण तसंच सोडवत नाही म्हणाल्या.

विसर्जनाच्या संध्याकाळसाठीही आमच्या आळीनं एक ठरवून टाकलं. दर वर्षी आळीत दोन माणसं मागे राहतात, आळीच्या दोन टोकांना. सगळ्यांच्या मागील दारांवरून अर्ध्या तासानं एक फेरी, हातात बॅटरी, मोबाइलवर बाकीच्यांचे नंबर. यंदा वरच्या टोकाला माझी पाळी होती. आमची गौर बायकोनं आणि मुलीनं नेली. मी उंबऱ्यातूनच हात जोडले. किनाऱ्यावरून ढोल ऐकू येत होते, मध्येच आरती, मध्येच लाटांचा आवाज. कटावणी, पटाशी, शिडी, सगळं आतल्या खोलीत कुलपात होतं. मी फेरी मारून पडवीत येऊन बसलो.

काकींचे गुडघे आता वाळूत चालत नाहीत, त्याही घरीच होत्या. मागील दाराशी ताट ठेवल्याचा आवाज आला, मग थोड्या वेळानं त्यांची हाक.

"आहेस ना रे?"

"आहे, काकी."

"मग चहा ठेवत्ये. पुढच्या दारानं ये, मागचं लावलंय."